लिमयेकाकू, अर्थशास्त्र, चौथं वर्ष

लिमयेकाकूंच्या घरी पोळी हवी असेल तर कार्ड टाकावं लागायचं.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या पहिल्या रविवारी मी घरून काहीतरी खाऊन गेलो असतो. पण मी कोबेत नवा होतो. त्या वर्षांत आम्ही सॉफ्टवेअरवाले जपानात टोळधाडीसारखे उतरत होतो. त्यातलाच मी एक, पुण्याहून एका विमा कंपनीच्या कामावर आलेला. पंधरा दिवस मी वेफर्स आणि दह्यावर काढले होते. अशात आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर, देवनागरीत ‘लिमये’ अशी पाटी दिसली आणि मला माहेर सापडल्यासारखं झालं. मी घंटा वाजवली. लिमयेकाकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि रविवारी साडेबाराला जेवायला ये म्हणून सांगितलं.

पान तर सुरेख वाढलं होतं. डाळिंब्यांची उसळ, काकडीची कोशिंबीर, वरण, भात, लिंबाची फोड. पोळी तेवढी नव्हती. पाण्याच्या भांड्याशेजारी तीन पिवळी कार्डं ठेवली होती, प्लॅस्टिकमध्ये मढवलेली. प्रत्येकावर मराठीत आणि जपानीत ‘पोळी’ असं लिहिलेलं.

“एक कार्ड त्या ट्रेमध्ये ठेवलंस की एक पोळी तव्यावर पडेल,” काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या. “आधी करून ठेवायची नाही. इथल्या मोटारींच्या कारखान्यात असंच चालतं. मागणी आली की माल. करून ठेवलेली पोळी म्हणजे साठा, आणि साठा म्हणजे कारखान्याचा मधुमेह.”

समोर लिमयेकाका जेवत होते. त्यांनी वर न बघता एक कार्ड ट्रेमध्ये सरकवलं. दोन मिनिटांत त्यांच्या पानात वाफाळलेली पोळी आली.

मी पहिलं कार्ड ठेवलं. दुसरं ठेवायला मात्र हात उचलेना. आपल्याकडे पाहुण्याने पोळी मागायची नसते. त्याने ‘नको, नको’ म्हणायचं असतं, पानावर हात आडवा धरायचा असतो, आणि घरच्या बाईंनी त्या हाताखालून पोळी सरकवायची असते. इथे कुणी वाढायलाच येत नव्हतं, तर मी ‘नको’ म्हणणार कुणाला? शेवटी एका पोळीवर मी उठलो आणि ‘पोट अगदी भरलं’ असं म्हणून वर ढेकर दिल्याचं नाटकही केलं.

दहा मिनिटांनी मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, उभ्याउभ्या भाताचा गोळा खात होतो. काकू तिथे झेरॉक्स काढायला आल्या. मला बघून थबकल्या. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली, तर काकूंनी पर्समधून वही काढली आणि मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं, “ग्राहक उपाशी. तक्रार शून्य.” मग माझ्याकडे इतक्या आनंदाने पाहिलं की मला माझ्या उपाशीपणाचा अभिमानच वाटला.

“जोग,” त्या म्हणाल्या, “तू फार उपयोगाचा माणूस आहेस.”

तर या लिमयेकाकू. वय वर्षं पन्नास. टेकडीवरच्या विद्यापीठात अर्थशास्त्र आणि व्यवसाय-व्यवस्थापन या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. हौशी वर्ग वगैरे नव्हे. रीतसर प्रवेश परीक्षा देऊन, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या शेजारच्या बाकावर, आणि सगळं जपानीतून. काका मुंबईच्या एका व्यापारी कंपनीचे कोबेतले माणूस, रंग-रसायनांच्या व्यवहारातले. त्यांना इथे येऊन दहा वर्षं होत आली होती. त्यातली पहिली आठ काकूंनी जपानी शिकण्यात घालवली. आधी वॉर्ड ऑफिसातल्या फुकट वर्गात, मग शाळकरी पोरांच्या पुस्तकांतून, मग वर्तमानपत्राच्या व्यापार-पानावर. बाकीच्या भारतीय बायका पुष्परचना शिकायच्या. त्या काकूंना विचारायच्या, “कशाला हो या वयात हा खटाटोप?”

“या वयात झेपत नाही असं म्हणायचंय तुम्हाला? पुरावा?” काकू विचारायच्या.

हा ‘पुरावा?’ त्यांनी त्यांच्या प्राध्यापकांकडून, मियाके-सेन्सेईंकडून, उचलला होता. सेन्सेई म्हणे विद्यार्थ्याच्या प्रत्येक वाक्यावर तोच प्रश्न टाकायचे. काकूंनी तो मराठीत आणला आणि घरादाराला लावला. मी म्हटलं, “आज गारठा आहे,” की काकू म्हणायच्या, “पुरावा?” काका म्हणाले, “आमटीत मीठ कमी आहे,” की “पुरावा?” काका बिचारे मीठ घ्यायचे आणि गप्प बसायचे.

काका मुळातच अबोल. महिन्याकाठी त्यांची दहा-बारा वाक्यं होत असतील, त्यातली निम्मी फोनवर. वर्गात कंपन्यांची बलस्थानं आणि उणिवा मांडायला शिकल्यावर काकूंनी घरी येऊन काकांचीच मांडणी केली होती आणि ती फ्रिजवर लावली होती. बलस्थान: तक्रार करत नाहीत. उणीव: तक्रार करत नाहीत. संधी: पुढच्या खान्यात काही नव्हतं. धोका: तूप.

“संधीचा रकाना रिकामा का?” मी विचारलं.

“विचार चालू आहे,” काकू म्हणाल्या. काका तेव्हा त्याच फ्रिजमधून दही काढत होते.

काकूंचा निश्चय हा एक वेगळाच प्रकार होता. एकदा वादळाचा इशारा होता, गाड्या बंद, विद्यापीठ बंद. हे सगळं टीव्हीवर पाहूनही काकू रेनकोट चढवून टेकडीवर चालत गेल्या. फाटक बंद. त्यांनी चौकीदाराला उठवलं, वहीच्या पानावर ‘रिमाये-सान हजर होत्या’ असं लिहून घेतलं आणि खाली त्याचा शिक्का मारून घेतला. लिमयेबाईंचं इथे रिमाये-सान झालं होतं, आणि काकूंनी ते दुसऱ्या नावासारखं मनापासून स्वीकारलं होतं. मी म्हटलं, “काकू, वर्गच भरला नाही, तर हजेरी कसली?”

“वर्ग भरला नाही हा त्यांचा प्रश्न,” काकू केस पुसत म्हणाल्या. “मी गेले नाही असं होता कामा नये.”

इथल्या विद्यापीठात वयाला किंमत नाही, वर्षाला आहे. तुमच्या आधी प्रवेश घेतलेला तो तुमचा सेनपाई, म्हणजे वडीलधारा, मग तो वीस वर्षांचा का असेना. एकदा स्टेशनवर मी आणि काकू गाडीची वाट बघत होतो. समोरून नारिंगी केसांचा, कानात बाळी घातलेला एक पोरगा आला. काकूंनी पदर सावरला आणि कमरेत वाकून त्याला नमस्कार केला. पोरगा गडबडला आणि त्याहून खाली वाकला. काकू आणखी खाली. आधी सरळ व्हायचं कुणी, हा प्रश्न काही सुटेना. आमची गाडी आली आणि निघूनही गेली. “माझे सेनपाई,” काकूंनी नंतर धाप टाकत ओळख करून दिली.

तिसऱ्या वर्षी वर्गातली सगळी मुलं काळे सूट शिवून नोकऱ्यांच्या मुलाखतींना हिंडायला लागली. इथला तो रिवाजच आहे. काकूंनीही काळा सूट शिवला. नोकरी करायची नव्हती, पण मार्गदर्शन वर्ग वेळापत्रकात होता आणि वेळापत्रकातलं काही सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सरावासाठी मुलाखत घ्यायला मला बसवलं.

“पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?” मी जमेल तितक्या गंभीरपणे विचारलं.

“छप्पन्नाव्या वर्षात,” काकू म्हणाल्या.

मी त्यांना पास केलं.

याच सुमारास प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली. इथे शेवटची दोन वर्षं एका प्राध्यापकाच्या हाताखाली दहा-बारा जणांच्या गटात काढायची आणि शेवटी प्रबंध द्यायचा. त्याशिवाय पदवी नाही. काकूंनी विषय निवडला तो त्या कोंबिनीतल्या वहीतून. ‘संकोची ग्राहक आणि न बोललेली मागणी’. मागणी आली की माल, हे ठीक. पण ज्या माणसाला मागायची लाज वाटते त्याचं काय? तो उपाशी राहतो, तक्रार करत नाही, आणि कारखान्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

“हे व्यवस्थापन नाही, रिमाये-सान,” मियाके-सेन्सेई म्हणाले. “हे जेवण आहे. पुरावा?”

काकूंनी पुरावा गोळा करायला घेतला. दर रविवारी पाहुणे. एकदा मराठी, एकदा जपानी. कधी नुसती कार्डं, कधी कार्डं आणि एकदा आग्रह, कधी दोनदा, कधी तीनदा. मी पडद्यामागे बसून नोंदी करायचो. मराठी माणूस काय करणार हे मला ठाऊकच होतं. पण जपानीही तसेच निघाले, किंबहुना आमच्याहून वरचढ. पहिल्यांदा विचारलं की दोन्ही हात हलवून नको, दुसऱ्यांदा मान झुकवून नको, तिसऱ्यांदा मात्र डोळे मिटून ‘मग अर्धीच’. ती अर्धी कधीच अर्धी राहायची नाही.

शेवटी काकूंनी सेन्सेईंनाच जेवायला बोलावलं. साठीचे, काटकुळे, चष्मा नाकाच्या टोकावर असलेले गृहस्थ. त्यांनी नियमाप्रमाणे एक कार्ड टाकलं, एक पोळी खाल्ली आणि हात जोडले. काकूंनी विचारलं, आणखी? नको. काकूंनी पुन्हा विचारलं. छे छे, नको. काकू तिसऱ्यांदा विचारायला वाकल्या आणि सेन्सेईंनी पानावरचा हात हळूच बाजूला घेतला. त्यानंतर त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. पाचव्या पोळीचा तुकडा उसळीत बुडवताना त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पडद्याकडे वळून मला म्हणाले, “हेही लिहिलंत का?”

विषय मंजूर झाला.

आणि मार्चमध्ये काकांची बदली झाली, परत मुंबईला.

मला वाटलं, संपलं. बायका अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. काकूंनी आठवडाभर काकांच्या बॅगा भरल्या, औषधांच्या डब्यावर वार लिहिले. विमानतळावर काकांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काही मोठं सांगणार. ते म्हणाले, “बाथरूमचा नळ गळतो. बघशील.” आणि आत गेले. काकू एका वर्षासाठी मागे राहिल्या.

आता विद्यापीठाला काकूंचा जपानात राहणारा, कमावता जामीनदार हवा होता. काकांची जागा कुणीतरी घ्यायला हवी होती. काकूंनी मला बोलावून अर्ज पुढे केला.

“मीच का, काकू? माझ्या ऑफिसातल्या कुलकर्णींना विचारा. ते वयाने मोठे आहेत.”

“इथे नावाचा शिक्का लागतो, सही नाही. कुलकर्णी शिक्क्यात मावेना. तुझं आडनाव आखूड आहे.”

अशा गुणवत्तेवर मी अठ्ठाविसाव्या वर्षी एका बावन्न वर्षांच्या विद्यार्थिनीचा पालक झालो. विद्यापीठाने ते फारच मनावर घेतलं. काकूंचं गुणपत्रक माझ्या पत्त्यावर यायला लागलं, वर ‘रिमाये-सान यांचे पालक’ असं लिहून. जूनमध्ये पालक-सभेचं बोलावणं आलं. मी गेलो. आजूबाजूला मोत्यांच्या माळा घातलेल्या, पन्नाशीच्या टापटीप आया. शेजारच्या बाईंनी विचारलं, “धाकटी बहीण शिकते का?” मी म्हटलं, “नाही. आहेत त्या माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या.”

मियाके-सेन्सेईंनी मला गंभीर चेहऱ्याने समोर बसवलं. “रिमाये-सान वर्गात फार प्रश्न विचारतात,” ते म्हणाले. “घरीही?”

“हो,” मी म्हटलं.

आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला.

काका गेल्यापासून काकूंनी दर रविवारी सकाळी दहाला ‘आढावा बैठक’ सुरू केली होती. हजर सदस्य दोन. बैठकीला छापील विषयपत्रिका असायची. आधी तिच्यावर प्रबंधाची प्रगती, नळ, कचरा वेगळा करण्यातल्या माझ्या चुका असं बरंच काही असे. सप्टेंबरातल्या एका रविवारी माझ्या हातात कागद आला, त्यावर दोनच विषय होते. एक: चहा. दोन: इतर. मी काकूंकडे पाहिलं. त्या कपबशा पुसत होत्या, आणि पुसून झालेल्या कपबशाच पुन्हा पुसत होत्या. त्या दिवशी मी दुपारपर्यंत बसलो. मलाही कुठे जायचं होतं?

नोव्हेंबरातला एक रविवार. दहाला मी खाली उतरणार, त्याआधी नऊलाच माझी घंटा वाजली. काकू दारात उभ्या होत्या. हातात एकच कागद. चपला काढून त्या आत आल्या, माझ्या जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला आणि जामीनदाराच्या चौकोनावर बोट ठेवलं.

“इथे शिक्का मार.”

माझं जपानी जेमतेम, पण तेवढं वाचता येत होतं. “काकू, हा विद्यापीठ सोडण्याचा अर्ज आहे.”

“मला माहीत आहे. मीच भरलाय.”

मग कळलं. काकांची गुरुवारी अँजिओप्लास्टी झाली होती. त्यांनी काकूंना शनिवारी कळवलं, तेही मुलीने दटावलं म्हणून. मुलगी बंगळुरूहून आली होती, तिला रजा आठवडाभराचीच.

“काका काय म्हणाले?”

“म्हणाले, येऊ नकोस. मी ठीक आहे. मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा म्हणाले, नको.”

“मग?”

“जोग, मी वर्षभर ‘नको’वर प्रबंध लिहितेय. ‘नको’ म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस.”

तरी मी विचारलं, “तिसऱ्यांदा विचारलंत?”

काकू खुर्चीवर बसल्या. कितीतरी वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

“नाही विचारलं. ते ‘ये’ म्हणाले असते. मग मी गेले असते, आणि हे मला आयुष्यभर टोचत राहिलं असतं की त्यांनी बोलावलं म्हणून माझं राहिलं. त्यापेक्षा आपणहून गेलेलं बरं. मार शिक्का.”

मी शिक्का आणायला उठलो. खोटं कशाला सांगू, मी ड्रॉवर उघडलाही. वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं की करायचं, हीच माझी सवय. तेवढ्यात पाठीमागून काकू बोलायला लागल्या, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे.

“सांगलीला मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. स्थळ आलं. माझे वडील, अण्णा, असाच कागद घेऊन प्राचार्यांकडे गेले. मी केबिनच्या दाराबाहेर उभी होते. प्राचार्य म्हणाले, मुलगी हुशार आहे, दीड वर्ष थांबा. अण्णा म्हणाले, जमणार नाही. प्राचार्य म्हणाले, बरं. आणि सही केली. मला वाटत होतं, ते आणखी एकदा म्हणतील. अरे, अण्णांचं पहिलं ‘नाही’ कधीच खरं नसायचं. आईला विचार, मला विचार, कुणालाही. त्यांना दुसऱ्यांदा कुणी म्हटलंच नाही.”

मी ड्रॉवर बंद केला. शिक्का माझ्या मुठीत होता, तो खिशात टाकला.

“मी नाही मारणार.”

“काय?”

“नाही मारणार, काकू.”

“जोग! मी तुला विचारत नाहीये. मार म्हणते.”

“नाही.”

“तू स्वतःला समजतोस कोण?”

“तुमचा पालक,” मी म्हटलं. जन्मात मी कुठल्या काकूंना इतकं उलट बोललो नव्हतो. “जा तुम्ही मुंबईला. उद्या जा. काकांजवळ राहा. पण हा कागद नाही. हवं तर सेन्सेईंना जाऊन सांगा की माझा पालक आडमुठा आहे.”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. मग त्या दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागल्या. जोरात, हुंदके देऊन, वयाची कसलीही भीड न बाळगता. मी चहा केला. तो इतका वाईट झाला की त्याबद्दल बोलण्याच्या निमित्ताने त्यांचं रडणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मियाके-सेन्सेईंकडे गेलो. काकूंनी हट्टाने अर्ज पुढे ठेवलाच. सेन्सेईंनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला.

“शिक्का नाही,” ते म्हणाले. “अर्ज अपूर्ण आहे. मला हा दिसलाच नाही.” आणि त्यांनी तो काकूंकडे परत सरकवला. मग सगळं ऐकून घेतलं. प्रकरणं मुंबईहून ईमेलने पाठवा, म्हणाले. प्रबंध मात्र जानेवारीत ठरल्या दिवशी पाचच्या आत, स्वतः कचेरीत द्यायचा. पाच वाजता खिडकी बंद होते, ती कुणासाठी उघडत नाही. काकू वाकल्या तशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि रिमाये-सान, गैरहजेरीसाठी विमानाच्या तिकिटाचा तुकडा आणा. पुरावा म्हणून.”

काकू सात आठवडे मुंबईत होत्या. मी एकटा रविवारी दहाला चहा करायचो. जानेवारीत त्या परत आल्या, थोड्या वाळलेल्या, बॅगेत मेतकुटाचा डबा आणि लिहून पुरा झालेला प्रबंध. मी विचारलं, “काका कसे आहेत? बोलतात का काही?”

“कुठलं बोलतायत? सकाळी माझा लॅपटॉप चालू करून टेबलावर ठेवायचे आणि स्वतः फिरायला निघून जायचे. दोन तास यायचेच नाहीत. डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलं होतं. उरलेला दीड तास खाली बाकावर बसायचे, शेजारणीने सांगितलं मला.” काकू हसल्या. “परतीचं तिकीटही त्यांनीच काढून आणलं. मी म्हटलं, राहू का आणखी? तर म्हणाले, नको.”

प्रबंध चार दिवस आधी खिडकीत गेला. तोंडी परीक्षेत सेन्सेईंनी प्रत्येक वाक्यावर पुरावा मागितला आणि काकूंनी प्रत्येक वाक्यावर दिला. फेब्रुवारीत माझ्या पत्त्यावर पत्र आलं. रिमाये-सान यांच्या पालकांना कळवण्यात येतं की त्या पदवीस पात्र ठरल्या आहेत. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि जिना उतरताना दोन पायऱ्या चुकलो. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या निकालाचा झाला नव्हता.

मार्चअखेरीस पदवीदान. मुली पारंपरिक जपानी पेहरावात, मुलं तेच ते मुलाखतीचे काळे सूट घालून. काकू जांभळ्या नारायणपेठीत, वर लोकरी कोट. नाव पुकारलं, ‘रिमाये वासुधा’, आणि काकू खणखणीत आवाजात ‘हाय!’, म्हणजे ‘हजर’, असं म्हणून उठल्या. सगळ्या सभागृहाने मान वळवून पाहिलं. मी पालकांच्या रांगेत होतो, मोत्यांच्या माळांच्या मधोमध. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला तेव्हा मला कळलं की माझे डोळे वाहतायत.

बाहेर पायऱ्यांवर फोटोंची गर्दी. काकूंनी पदवीची गुंडाळी माझ्या हातात दिली, कोटाच्या खिशातून मोबाइल काढला आणि मुंबईचा नंबर लावला. तिकडे सकाळचे नऊ वाजले असतील. काकूंचा फोन जुना, आवाज भलताच मोठा. मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

“झालं का?” काकांनी विचारलं.

“झालं,” काकू म्हणाल्या.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या दोघांना सवय होती. मीच अस्वस्थ होऊन एका पायावरून दुसऱ्या पायावर झालो.

“मग आता ये,” काका म्हणाले. “मला एकट्याला करमत नाही.”

काकू तिथेच पायरीवर बसल्या, नारायणपेठीची पर्वा न करता. लोक बाजूने वाट काढत होते. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“अहो,” त्यांना नीट बोलता येत नव्हतं, “हे कधीपासून म्हणायचं होतं तुम्हाला?”

“नोव्हेंबरपासून,” काका म्हणाले.